कमी वाईट म्हणजे चांगले काय?

तरुणांच्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारा मुलगा उद्धट असतोच असे नाही. पुष्कळदा तो उपासनेला नियमाने येणारा, गायनमंडळात उभा राहणारा असतो. तो म्हणतो, "सर, मी सिगारेट ओढत नाही, गुटखा खात नाही, दारूला शिवत नाही. कधीमधी व्हेप ओढतो, एवढेच. सिगारेटपेक्षा ती कमी वाईट आहे असे परदेशातील डॉक्टरही सांगतात. मग त्यात पाप कोठे आले? शिवाय, बाहेरून तोंडात जाणाऱ्या गोष्टीने नव्हे, तर अंतःकरणातून बाहेर येणाऱ्या गोष्टीने माणूस विटाळतो, असे प्रभूनेच शिकविले आहे ना?"

या प्रश्नाला रागाने उत्तर देणे सोपे आहे. पण रागाने दिलेले उत्तर मुलाच्या कानापर्यंतच जाते. वास्तविक त्याने तीन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत. ही वस्तू खरोखर कमी वाईट आहे काय? कमी वाईट असल्यास ती चांगली ठरते काय? आणि देवाचे वचन त्याच्या बाजूने आहे काय? या तिन्ही प्रश्नांचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांनी ती समोर असूनही ओळखली नसेल. दिसायला ती पेनासारखी किंवा संगणकाला लावावयाच्या पेन ड्राइव्हसारखी असते. आत एक लहानशी बॅटरी, तारेचे वेटोळे व थोडा द्रव असतो. ओढ घेतली की तार तापते आणि द्रवाचे धुके होऊन तोंडात येते. ही नुसती पाण्याची वाफ आहे असे मुले समजतात; ते खरे नाही. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही रसायने, आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी अशा चवी आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. तंबाखू ज्या द्रव्यामुळे सुटता सुटत नाही, तेच हे निकोटीन.

आज जी ई-सिगारेट आपण पाहतो तिचा शोध होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास लावला. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि सिगारेट सुटावी म्हणून त्याने हा मार्ग शोधला. म्हणजे बुडत्याला वर काढण्यासाठी जो दोर वळला, तोच आज काठावर सुखरूप उभ्या असलेल्या मुलांच्या पायांत गुंतला आहे. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला व त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांना बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तरीही ती वस्तू चोरून विकली जाते आणि मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोचते.

आता ती तोंडात काय करते ते पाहू. देवाने आपल्या तोंडात लाळ ठेवली आहे आणि आपण तिला क्षुल्लक समजतो. पण दातांची खरी राखणदार तीच. अन्नाचे कण ती धुऊन काढते, जंतूंनी तयार केलेले आम्ल सौम्य करते आणि झिजू लागलेल्या दाताला क्षार परत पुरविते. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा स्वभाव ओलावा शोषून घेण्याचा आहे. म्हणून व्हेप ओढणाऱ्याचे तोंड कोरडे पडते, घसा सुकतो. राखणदार दुबळा झाला की जंतूंचे फावते. त्यात गोड चवीचे चिकट धुके दातांवर बसते, आणि किडीला आणखी वाव मिळतो.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतचिकित्सालयात आलेल्या १३,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. व्हेप ओढणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ७९ जण दात किडण्याच्या अधिक धोक्याच्या गटात आढळले. न ओढणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६० होते. व्हेप ओढणाऱ्यांची संख्या त्या नोंदींत थोडी होती आणि केवळ अशा तपासणीवरून कारण सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दुसऱ्या बाजूने पाहिले. त्यांनी वरकरणी निरोगी हिरड्या असलेल्या तरुणांच्या हिरड्यांखालील जंतू तपासले. काही महिनेच व्हेप ओढलेल्या तरुणांत त्यांना जंतूंची अशी वस्ती आढळली की, जी हिरड्यांचा जुना रोग झालेल्या माणसांच्या तोंडातील वस्तीशी मिळतीजुळती होती. रोग अजून दिसत नव्हता. पण त्याचे बिऱ्हाड येऊन उतरले होते.

याहून विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. हिरड्या सुजल्या की त्यांतून रक्त येते. दात घासताना थुंकीत लाल रेघ दिसली म्हणजे मनुष्य घाबरतो व दंतवैद्याकडे जातो. ते रक्त म्हणजे देवाने दिलेली सूचनेची घंटा आहे. पण निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते व हिरडी बाहेरून ठीक दिसते. आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड झिजत राहते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत दंतवैद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि व्हेपमधील निकोटीन काही निराळे निकोटीन नाही. दुखणे वाढावे आणि घंटा वाजू नये, याहून मोठा धोका कोणता?

आपल्या सद्सद्विवेकबुद्धीचेही असेच आहे. तीमथ्याला पहिले पत्र लिहिताना प्रेषित पौल डाग दिलेल्या विवेकबुद्धीविषयी बोलतो. डागलेल्या कातडीला चटका कळत नाही. पहिल्या दिवशी व्हेप खिशात लपविताना मुलाचे काळीज धडधडते. आई विचारते, "कसला रे हा वास?" तो म्हणतो, "च्युइंग गमचा." त्या पहिल्या खोटेपणाच्या वेळी आतून रक्त येते. महिन्याभराने तेच उत्तर तो सहज देतो. घंटा वाजायची थांबलेली असते, आणि त्याला वाटते की आपण बरे आहोत.

आता "कमी वाईट" या शब्दांकडे येऊ. येथे आपण सत्याला धरून बोलले पाहिजे. सिगारेट जळते, आणि जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व कर्करोग आणणारी अनेक द्रव्ये निर्माण होतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. म्हणून त्यांतील पुष्कळ विषे तिच्यात नसतात किंवा कमी असतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ई-सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले होते. त्या आकड्यावर इतर तज्ज्ञांनी कडक टीका केली. पण आकडा बाजूला ठेवला तरी तो विभाग कोणाशी बोलत होता हे महत्त्वाचे आहे. तो रोज वीस-वीस सिगारेटी ओढणाऱ्या प्रौढांशी बोलत होता. त्याच इंग्लंडमध्ये आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला असा आहे की, जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये. २०१५ पासून तेथे अठरा वर्षांखालील मुलांना ती विकण्यास मनाई आहे, आणि एकदा वापरून फेकून देण्याच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली आहे.

बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाटाने जाणाऱ्यांना हे सहज समजेल. घाटाच्या मध्यावर दोन माणसे भेटली. एक खालून चढत आला आहे, दुसरा वरून उतरत आला आहे. दोघेही एकाच दगडावर बसले आहेत. पण एकाने अर्धी चढण जिंकली आहे आणि दुसऱ्याने अर्धी उंची गमावली आहे. चाळीस वर्षांची सिगारेट सोडून व्हेपवर आलेला मनुष्य व कधीच काही न ओढता व्हेपवर आलेला सोळा वर्षांचा मुलगा यांच्यात हाच फरक आहे. दगड एकच, पण तोंड कोणत्या दिशेला आहे? "कमी वाईट" हा शब्द चढणाऱ्याला धीर देण्यासाठी आहे. उतरणाऱ्याने तो उसना घेऊ नये.

शिवाय "कमी वाईट" या मापात एक जन्मजात खोट आहे. हे माप नेहमी दुसऱ्याला लावून आपली किंमत ठरविते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी मंदिरात उभा राहिला, तेव्हा त्याने काय केले? त्याने शेजारच्या जकातदाराकडे पाहिले व आपले माप काढले. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कदाचित खरी असेल. तो खरोखरच लुबाडणूक करीत नसेल, उपास करीत असेल, दशांश देत असेल. तरी तो घरी गेला तो नीतिमान ठरून गेला नाही. जगात आपल्यापेक्षा वाईट मनुष्य शोधून सापडला नाही असे कधी होत नाही. म्हणूनच त्या मापाने कोणी कधी पश्चात्तापाला येत नाही.

मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातील शिकवणीचे काय? मुलाने वचन वाचले याबद्दल त्याचे कौतुक करा, आणि मग त्याच्याबरोबर तो अध्याय संपूर्ण वाचा. तेथे वाद न धुतलेल्या हातांनी जेवण्याचा आहे. बाह्य शुद्धीच्या रूढी पाळून देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना प्रभू उत्तर देत आहे. विषाने शरीराला अपाय होत नाही असे तो तेथे शिकवीत नाही. आंब्याच्या वासाच्या धुक्याने कोणाचा आत्मा आपोआप विटाळतो असे आपणही म्हणू नये. पण प्रभूने आपल्याला अंतःकरणाकडे पाहावयास सांगितले आहे, तर पाहू या. ती वस्तू हाती कशी आली? मित्रांत मागे पडू नये या भीतीने? तिचे पैसे कोठून आले? ती कोठे लपविली जाते? तिच्यासाठी किती वेळा खोटे बोलावे लागते? तोंडात गेलेल्या धुक्याचा प्रश्न आपण क्षणभर सोडून देऊ. त्याच तोंडातून बाहेर आलेल्या शब्दांचे काय? मुलाने आपल्या बचावासाठी आणलेले वचन त्यालाच प्रश्न विचारू लागते.

आणि मग करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडावा. करिंथ येथील लोकही असाच युक्तिवाद करीत होते की, आम्हांला सर्व मोकळीक आहे. पौल त्यांची मोकळीक नाकारीत नाही. तो विचारतो की, ते हितकारक आहे काय, आणि तुमच्यावर सत्ता कोणाची चालते? ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याची ही खरी कसोटी आहे. मी ही गोष्ट करू शकतो काय, हा अर्धा प्रश्न झाला. मी ती न करता राहू शकतो काय, हा उरलेला अर्धा. "मनात आले तर उद्या सोडीन" असे म्हणणाऱ्या मुलाला सांगा, "आजपासून दोन आठवडे सोडून पाहा." चिडचिड झाली, झोप उडाली, अभ्यासात लक्ष लागेना, तर धनी कोण आणि चाकर कोण हे त्याचे त्यालाच कळेल. मनुष्याचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात निकोटीनची बेडी लवकर पडते व घट्ट बसते.

येथपर्यंत वाचून वडीलधाऱ्या मंडळींनी मान डोलावली असेल. पण हा लेख केवळ मुलांसाठी नाही. आपल्या किती घरांत सकाळी चुलीवर, आता गॅसवर, तवा ठेवून तंबाखू भाजली जाते व तिची मिसरी दातांना लावली जाते? किती जण हातावर चुना मळतात? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ वर्षे व त्यावरील शंभर व्यक्तींपैकी २८ हून अधिक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि २१ हून अधिक जण धूर न काढता घेत होते, म्हणजे खाऊन किंवा दातांना लावून. तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्याला कोणता कायदा अडविणार? मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटखा बंद केला; पण पानटपरीवर पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकू लागली.

आजी म्हणते, "मी काय खाते थोडीच? नुसते दात घासते." काका म्हणतात, "मी विडी तर ओढत नाही ना?" विडी ओढणारा म्हणतो, "दारूपेक्षा बरी." आणि नातू म्हणतो, "सिगारेटपेक्षा बरी." पाहा, एकाच घरात सर्वांनी तेच माप वापरले आहे! नातवाने नवी भाषा कोठून शिकून आणलेली नाही. ती त्याने घरीच ऐकली आहे. मिसरी व खाण्याची तंबाखू यांनी तोंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. व्हेपविषयी तसे सिद्ध झालेले नाही. तेव्हा मोजमापच करावयाचे असेल, तर खाली मान घालण्याची पाळी आधी कोणाची?

हे म्हणताना कोणाला तुच्छ लेखण्याचा हेतू नाही. निपाणीच्या परिसरात तंबाखू हे व्यसन होण्याआधी भाकरी आहे. १९८१ मध्ये रास्त भावासाठी तेथील शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले, आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. वखारीत तंबाखूच्या धुळीत दिवस काढून ज्या मातांनी मुलांना शिकविले, त्यांच्यापुढे उपदेश करताना नम्रतेनेच उभे राहिले पाहिजे. पण भाकरीची अडचण समजून घेणे वेगळे आणि आपल्या तोंडातील सवयीला त्या अडचणीचे नाव देणे वेगळे.

मग ज्याला स्वतःला सवय आहे त्याने शिकवूच नये काय? प्रभूने कुसळ व मुसळ यांचा दृष्टांत दिला तो भावाच्या डोळ्यातील कुसळ तसेच राहू द्यावे म्हणून नव्हे. आधी आपले मुसळ काढावे, म्हणजे भावाचे कुसळ काढण्यापुरते स्पष्ट दिसेल, असा त्याचा रोख आहे. व्यसनी मनुष्य न्यायाधीश म्हणून बोलू शकत नाही. पण सोबतीचा रुग्ण म्हणून तो बोलू शकतो, आणि त्याचे बोलणे पुष्कळदा निर्व्यसनी माणसाच्या बोलण्यापेक्षा खोल जाते. आजीने नातवाला जवळ बसवून म्हणावे, "बाळा, माझी मिसरी आणि तुझी ती नळी, दोन्ही एकाच दिवशी टाकू. तू मला आठवण कर, मी तुला करीन." असा करार ज्या घरात होईल, त्या घरात शंभर प्रवचनांचे काम होईल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, अतिशयोक्ती करू नका. व्हेप सिगारेटपेक्षाही घातक आहे, एका ओढीने दात गळतात, असे सांगून मुलांना घाबरविले, तर मुले घरी जाऊन शोधतात व शिक्षक खोटे बोलले असे त्यांना आढळते. त्यानंतर शिक्षकांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही ती टाकून देतात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा चांगल्या हेतूनेही मोडता येत नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढेच पुरेसे आहे. दुसरी, कोणाचे गुपित कळल्यास ते वर्गात किंवा मंडळीच्या सभेत उघड करू नका. लाजविलेला मुलगा व्यसन सोडत नाही. तो मंडळी सोडतो. तिसरी, मदतीचा रस्ता दाखवा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. दंतवैद्याकडे गेल्यावर व्हेप किंवा मिसरी यांविषयी खरे सांगावे. कारण हिरडीतून रक्त येत नाही एवढ्यावरून हिरडी निरोगी ठरत नाही.

याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकाच तोंडातून स्तुती व शाप निघावेत याचे दुःख केले आहे. ज्या तोंडाने आपण प्रभुभोजनाची भाकर घेतो, ज्या तोंडाने गीत गातो व लेकरांना आशीर्वाद देतो, ते तोंड देवाचे दान आहे. शेजाऱ्याच्या तोंडापेक्षा ते कमी बिघडले आहे एवढ्यावर समाधान मानण्यासाठी ते आपल्याला दिलेले नाही. तेव्हा त्या मुलाला उत्तर देताना असे सांगावे: "तुझी वस्तू सिगारेटपेक्षा कमी वाईट असेल. पण देवाने तुझ्यासाठी कमी वाईट असे काही योजिलेले नाही. त्याने जे योजिले आहे ते चांगले आहे." आणि हे सांगण्यापूर्वी आपल्या घरातील तवा व आपल्या खिशातील पुडी यांचे काय करावयाचे, हे प्रत्येकाने प्रभूपुढे गुडघे टेकून ठरवावे.